घोडबंदरचं कॉम्प्लेक्स की कन्नमवार नगर?

पत्र (थोडक्यात)

ताई, मी चौतीस वर्षांची, घाटकोपरला बँकेत नोकरीला आहे. नवरा ऐरोलीत आयटीमध्ये. लग्नापासून आम्ही भांडुपला भाड्याने राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आता कर्ज काढून स्वतःचं घर घ्यायचंय, हप्ता निम्मा-निम्मा भरणार आहोत. दोन घरं मनात भरलीत. एक घोडबंदर रोडला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये टू बीएचके. क्लब हाउस, स्विमिंग पूल आणि गेटला लागूनच आयसीएसईची शाळा. दुसरं विक्रोळीला कन्नमवार नगरात, रिडेव्हलपमेंटच्या इमारतीत सेलचा फ्लॅट, म्हणजे जुन्या मेंबरांचा नाही, बिल्डर बाहेर विकतो तो. तेवढ्याच पैशांत एक खोली कमी. जवळ ट्रस्टची अनुदानित शाळा आहे, सेमी इंग्रजी, आणि तिथे सगळ्या थरांतली मुलं येतात. मी पंतनगरच्या म्हाडा कॉलनीत वाढले. माझ्या वर्गात गुजराती, तेलुगू, मुसलमान, बौद्ध अशा सगळ्या मुली होत्या. रिक्षावाल्याची मुलगी आणि डॉक्टरांची मुलगी एकाच बाकावर बसायच्या. लेकीलाही तसंच मिळावं असं फार वाटतं. नवरा भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत वाढलाय. तो म्हणतो, "आयुष्यातली एकच गुंतवणूक आहे, विक्रोळीत भाव वाढणार नाही. आणि तसल्या मुलांची संगत नको." न्यू जर्सीचे मोठे दीर म्हणतात, आधी शाळेचं रेटिंग बघा, घराची किंमत त्यावरच टिकते. माझ्या हट्टापायी मी मुलीचं नुकसान करतेय का?

उत्तर

अगं, याला हट्ट म्हणू नकोस. आपली मुलगी कुणाकुणाच्या सोबतीने मोठी होणार हे घर घेण्याआधी मनात येणं, ही मला तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली. फक्त त्या प्रश्नात घराच्या भावाचा प्रश्न गुंतलाय. तो आधी वेगळा करू.

तुझे दीर खोटं सांगत नाहीत. ते राहतात तिथे ते खरंच आहे. अमेरिकेत सरकारी शाळेचा बराच खर्च त्या गावच्या मालमत्ता करातून निघतो आणि तुमचा पत्ता ज्या हद्दीत, त्या हद्दीतल्या शाळेत तुमचं मूल जातं. त्यामुळे चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर महाग असतं, मग घरात शाळेत जाणारं कुणी असो वा नसो. मुंबईत शाळा अशी पत्त्याला बांधलेली नाही. दादरच्या बालमोहनला किंवा पार्ल्याच्या टिळक विद्यालयाला मुलं लांबलांबच्या उपनगरांतून येत आलीत. इथे अंतर खरं मोजलं जातं ते आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी, आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं आणि मग तीन किलोमीटरपर्यंतची. बाकी फी भरा, व्हॅन लावा. तू उद्या घर विकायला काढलंस तर येणारा माणूस विचारेल, स्टेशन किती लांब, ओसी म्हणजे राहायला जायचा अधिकृत दाखला आहे का, पाणी किती वेळ, पार्किंग मिळेल का. गेटजवळच्या शाळेचा निकाल त्याच्या यादीत बराच खाली असेल. म्हणजे रेटिंगवर घर निवडायचा जो नियम तुमच्या घरात चर्चेला आलाय, तो इथे लागूच होत नाही.

मग राहिला नुसता भाव. घोडबंदरला अजून मोकळी जमीन आहे, म्हणून तिथे टॉवर उठतच राहतात. दहा वर्षांनी तुमचा वापरलेला फ्लॅट विकायला निघेल तेव्हा समोरचा बिल्डर नवा कोरा फ्लॅट, नवी स्कीम घेऊन उभा असेल. गिऱ्हाईक कुठे वळेल ते नवऱ्यालाच विचार. मेट्रो ४ चं नाव तिथल्या प्रत्येक ब्रोशरवर असतं, ते ठीकच आहे. पण वडाळा-कासारवडवली ही मेट्रो ४ एलबीएस मार्गाने विक्रोळीतूनही जाते, हे कुणी सांगत नाही. विक्रोळी पूर्वेला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे हाताशी, स्टेशन जवळ आणि पूर्व-पश्चिम जोडणारा पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला. तिकडेही सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. कन्नमवार नगरात एकाच वेळी कितीतरी इमारती पाडून नव्या होताहेत. पुढची काही वर्षं धूळ, खडी, मिक्सरची ये-जा आणि पार्किंगची भांडणं सोसावी लागतील. ड्रेनेज आणि रस्ते जुन्या चार मजली कॉलनीच्या मापाचे आहेत. तरी "तिथे भाव वाढणार नाही" हे विधान मला पटत नाही. आणि तुम्ही राहायला घर घेताय. उद्या ते वाढीव भावाने विकलंत तरी दुसरं वाढीव भावानेच घ्याल.

जाण्या-येण्याचा हिशेब तुम्ही दोघांनी केलाच नाही, याचं नवल वाटलं. तुझं ऑफिस घाटकोपरला, त्याचं ऐरोलीला. विक्रोळीहून तू पुढच्याच स्टेशनला पोचतेस आणि तो हायवेने ऐरोलीच्या पुलावरून पलीकडे. घोडबंदरहून आधी ठाणे स्टेशन गाठायचं, मग गाडी. संध्याकाळी लेकीला भूक लागते त्या वेळी घरात कोण असणार? पावसाळ्यातल्या एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला दोघं घोडबंदरहून निघून बघा. ते न करता निर्णय घेऊ नका.

आता शाळा. इथे मी तुझ्या बाजूची आहे, पण तुझं पूर्ण बरोबर आहे असं नाही.

महागड्या कॉम्प्लेक्सच्या शाळेत मुलं कोण येणार हे फीच ठरवते. आडनावं वेगळी, भाषा वेगळ्या, पण घरची कमाई सगळ्यांची साधारण सारखी. त्यात फट पाडावी म्हणून शिक्षणहक्क कायदा आला. २०१० पासून खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या पायरीवर २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं स्पष्ट केलं. २०२४ मध्ये राज्य सरकारने जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून मोकळं करायचा नियम काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला. म्हणून घोडबंदरच्या शाळेत जाऊन सरळ विचार, तुमच्याकडे आरटीईची मुलं आहेत का आणि ती कुठल्या तुकडीत बसतात. त्यांना वेगळं बसवायची परवानगी नाही. उत्तर देताना समोरच्या बाईंचा चेहरा कसा होतो ते बघ. कदाचित तुला सुखद धक्काही बसेल.

आणि विक्रोळीची शाळा मिश्र आहे म्हणून चांगली, असं धरून चालू नकोस. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं पटावर मंजूर होतात. पट घसरला की पदं जातात, आणि उरलेल्या शिक्षकांवर दोन-दोन वर्ग येतात. पहिलीला किती तुकड्या आणि दहावीला किती, गणिताला पूर्ण वेळ शिक्षक आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, एवढं विचारलंस तरी पुष्कळ कळेल. पटसंख्या आणि शिक्षकसंख्या यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदींतही पाहता येते. गणित कच्चं राहिलं तर ती उणीव मैत्रिणींनी भरून निघणार नाही. तुझ्या आवडीच्या तत्त्वाची किंमत लेकीने भरू नये.

दोन्ही शाळांच्या गेटवर सुटायच्या वेळी अर्धा तास उभी राहा. कोणती मुलं कोणत्या मुलांच्या गळ्यात हात टाकून बाहेर येतात ते दिसतं. मोलकरणीचं काम आटोपून धावत आलेल्या आईशी बाई कुठल्या सुरात बोलतात ते ऐक, तोच सूर वर्गात असतो. डब्याबद्दल विचार. मुलाने डब्यात सुकट किंवा अंडं आणलं तर चालतं का? काही शाळा सरळ नाही म्हणतात, आणि त्या एका नियमाने अर्ध्या वर्गाला कळतं की आपल्या घरचं जेवण इथे लपवायचं असतं. गॅदरिंगचे फोटो भिंतीवर असतील तर पुढच्या रांगेत कोण आणि मागे झाडं-ढग झालेली मुलं कोण, हेही बघ.

आणखी एक, इमारतीचं. रिडेव्हलपमेंटमध्ये पुष्कळदा सेलची विंग वेगळी आणि जुन्या मेंबरांची विंग वेगळी असते. लिफ्ट वेगळी, कधी गेटही वेगळं. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत, खेळायला दोन्हीकडची मुलं येतात का, की सेलवाल्यांनी कुलूप घातलंय? तसं असेल तर कन्नमवार नगरात राहूनही तुझी लेक घोडबंदरसारखीच वाढेल.

आता तुझ्या नवऱ्याचं ते वाक्य. "तसल्या मुलांची संगत." ऐकून तुला लागलं असेल, वाचून मलाही लागलं. पण त्याच्यावर तुटून पडू नकोस. टेकडीवरच्या चाळीत वाढलेला मुलगा पहाटे नळावर हंडे लावून, मग अभ्यास करून तिथून बाहेर पडलाय. गेट, पूल, चोवीस तास पाणी ही त्याची हौस कमी लेखण्यासारखी नाही. आपल्या मुलीने त्यातलं काही बघू नये, असं बापाला वाटणारच. त्याला भीती कशाची वाटते ते नेमकं विचार. शिव्यांची? मारामारीची? मुलगी मोठी झाल्यावर येता-जाता होणाऱ्या त्रासाची? की दहावीनंतर ती मागे पडेल याची? यातल्या प्रत्येकाचं काहीतरी उत्तर देता येतं. "तसली मुलं" याचं देता येत नाही, कारण त्यात कुणीच दिसत नाही. त्याच्या लहानपणी टेकडीखालच्या इमारतीतल्या आयांनी त्याच्याविषयीही हेच म्हटलं असेल, आणि हे त्याला तुझ्याइतक्या मायेने दुसरं कुणी सांगू शकणार नाही. वाद जिंकायला नको, निवांत रात्री सांग.

या शहरात माणसं आधीच फार वेगळी पडलीत गं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंब्रा आणि मीरा रोडला गेली, ती परत आली नाहीत. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याला मान्यता दिली. मासे खाता म्हणून आपल्या मराठी माणसांना घर नाकारलं जातं तेव्हा आपण संतापतो, आणि तो संताप रास्त आहे. त्याच आपण स्वतःच्या लेकीसाठी मात्र एकाच साच्यातल्या माणसांचं आवार निवडतो, हे मला बघवत नाही. कॉलेजात, ऑफिसात तिला सगळे भेटतीलच, असं लोक म्हणतात. भेटतील, पण तोवर कुणाला घाबरायचं आणि कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे मनात बसून गेलेलं असतं. सहा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीच्या घरी खेळायला जायचं असतं, बस. तुला पंतनगरात हे आपोआप मिळालं. आता ते शोधून, निवडून द्यावं लागतंय.

तर माझं मत सांगते. विक्रोळी घ्या. कागद स्वच्छ असतील तर, आणि पोडियमला कुलूप नसेल तर. शाळा तपासून बरी निघाली तर उत्तमच. नाही निघाली तरी घर विक्रोळीचंच घ्या आणि शाळा दुसरी शोधा. महापालिकेच्या मुंबई पब्लिक स्कूलही बघून ये, त्यात सीबीएसईच्या आहेत आणि फीचा भार नाही. शाळा वर्ष-दोन वर्षांत बदलता येते, शेजार बदलायला पुन्हा कर्ज काढावं लागतं. खोली एक कमी पडेल, त्याचा त्रास होईल, विशेषतः सासूबाई राहायला आल्या की. ते आधीच त्यांच्याशी बोलून घे.

कागदांचं मात्र मनावर घे. महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय आणि कोर्टात काही चालू आहे का ते वाच. जमीन म्हाडाची, म्हणून लीज आणि म्हाडाच्या परवानग्या वकिलाला दाखव. ओसी "लवकरच" मिळणार असेल तर त्याशिवाय राहायला जाऊ नका. घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. एवढ्या किमतीवर ती रक्कम लहान नाही, नवऱ्याशी मोकळेपणाने बोलून ठरवा. आणि बिल्डरचा माणूस कितीही घाई करो, करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही. कायद्याने तो मागूच शकत नाही.