न वाचता दिलेलं घेऊ नकोस

प्रिय मुली,

तुझा मेल काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. तीन प्रश्न एका दमात विचारलेस आणि तिन्हींना सारखंच वजन दिलंस, याचा आधी राग आला. मग वाटलं, हे तुला कुणी वेगळं करून सांगितलंच नसेल, तर तुझा तरी काय दोष?

आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटनेच्या जागतिक काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या परिषदेने, तुझा गोषवारा स्वीकारला आहे, पण जायला पैसे नाहीत. कुठल्याशा 'इंटरनॅशनल' फाउंडेशनने कळवलंय की 4,500 रुपये नोंदणी भरलीस तर 'यंग पोलिटिकल सायंटिस्ट' पुरस्कार तुलाच. आणि प्रवास अनुदानाच्या अर्जाला गाइडचं शिफारसपत्र लागतं, तर सर म्हणाले, "तूच टाइप करून आण, मी सही करतो." आणि खाली तुझा प्रश्न: "मॅडम, यातलं काय करू?"

माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात तू कंटाळेपर्यंत सांगणार आहे. ज्याने तुझं लिखाण वाचलेलं नाही, त्याच्याकडून काही घेऊ नकोस. पुरस्कार नको, शिफारस नको, कौतुकसुद्धा नको.

आधी त्या पुरस्काराचं मिटवू. असल्या एका समारंभाला मी गेले आहे, एका सहकाऱ्याने आग्रह केला म्हणून. हॉटेलचा हॉल, मागे भलामोठा फ्लेक्स, दाराशी टेबल. टेबलावर छापील प्रमाणपत्रांचा गठ्ठा, त्यात नावाची जागा कोरी. पावती दाखवली की एक मुलगा स्केचपेनने नाव घालून द्यायचा. मला विचारलं, "मॅडम, डॉ. लावू की प्रा.?" आत रसायनशास्त्राचे, शारीरिक शिक्षणाचे, मराठीचे, सगळेच 'उत्कृष्ट संशोधक'. कुणी काय संशोधन केलं हे मंचावरच्या एकालाही ठाऊक नव्हतं आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नव्हतं. ती प्रमाणपत्रं पुढे प्लेसमेंटच्या, म्हणजे बढतीच्या, फायलीत लागतात, हे तुला मी सांगायला नको. तू सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत, तासांचे पैसे मोजत जगतेस. 4,500 रुपयांत तुझ्या माण आणि जत तालुक्यांतल्या अभ्यासाच्या किती फेऱ्या होतील, याचा हिशेब तूच कर.

"सगळेच घेतात" असं तू लिहिलं आहेस. घेऊ देत.

आता खऱ्या पुरस्कारांचं बघ. स्वीडनमध्ये उपसाला विद्यापीठात 1622 साली योहान स्किट नावाच्या माणसाने वक्तृत्व आणि राज्यकारभाराचं अध्यासन काढलं. त्याच्या नावाचा पुरस्कार 1995 पासून दिला जातो, आपल्या विषयात त्याहून मोठा मान क्वचितच असेल. पहिला लोकशाहीचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट डाल यांना मिळाला. 1999 चा एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना. त्यांचं अर्थशास्त्राचं नोबेल त्यानंतर दहा वर्षांनी, 2009 साली आलं. अर्थशास्त्रात पीएचडीला त्यांना प्रवेशच मिळाला नव्हता, गणित कमी पडलं म्हणून. मग राज्यशास्त्रात आल्या. 1965 चा त्यांचा प्रबंध कशावर होता माहीत आहे? लॉस एंजेलिसजवळच्या एका खोऱ्यात जमिनीखालचं पाणी कोण किती उपसतं, उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी आत कसं शिरतं, आणि ते थांबवायला लोक आपसांत नियम कसे बांधतात, यावर. एका खोऱ्यावर! आणि तू मला लिहितेस, "मॅडम, माझा विषय फारच लोकल आहे, तिकडे कोण ऐकणार?"

तुझ्याजवळ काय आहे ते जरा बघ. 2011 मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांतलं महिला आरक्षण पन्नास टक्क्यांवर नेलं, त्यानंतर निवडून आलेल्या सरपंच बायका. टँकरच्या प्रस्तावावर सही बाईंची, आणि टँकर आज किती फेऱ्या करून गेला ती वही मात्र नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. ही वही तू पाहिलीस, तिच्यावरची सही कधीपासून बदलली ते एका गावात शोधून काढलंस. सत्ता हातात येते म्हणजे काय, हा प्रश्न जगात कुठेही समजतो. फक्त तो वाचणाऱ्यापुढे ठेवायला हवा.

अमेरिकन राज्यशास्त्र संघटना 1903 पासूनची. ती दरवर्षी प्रबंधांना पुरस्कार देते. तुलनात्मक राजकारणासाठी गॅब्रिएल आल्मंड यांच्या नावाचा, आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी मर्झ टेट यांच्या नावाचा. या टेटबाई म्हणजे ऑक्सफर्डची पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. 1950-51 मध्ये अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आपल्याकडे शांतिनिकेतनात शिकवून गेल्या. हे विषयांतर झालं, पण असू दे, या बाई मला आवडतात. सांगायचं ते असं, की या पुरस्कारांमागे कुणीतरी रात्री जागून शेकडो पानांचे प्रबंध वाचलेले असतात. तू जिथे चालली आहेस त्या काँग्रेसमध्येही नवख्या अभ्यासकाने सादर केलेल्या उत्तम पेपरसाठी फ्रान्सेस्को शेलबर्ग यांच्या नावाचा पुरस्कार आहे. तो मिळेल न मिळेल. पण तिथे पेपर वाचून ठरतं. रक्कम विचारू नकोस, वाचतं कोण ते विचार.

आता प्रवासाचे पैसे. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथेच आपली मुलं मार खातात.

पूर्ण खर्च एकाच जागेहून मिळेल ही आशा सोड. काँग्रेस भरवणारी संघटना विद्यार्थ्यांना आणि कमी उत्पन्नाच्या देशांतल्या अभ्यासकांना काही अनुदान देते. त्यात एखादी बाजू भागते, सगळ्या नाही. दुसरीकडे दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आपली आयसीएसएसआर. 1969 साली स्थापन झाली, पहिले अध्यक्ष आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. परदेशात पेपर वाचायला जाणाऱ्यांसाठी तिची योजना आहे. पण सरकारी पैसा बहुधा परत आल्यावर, बिलं दाखवल्यावर हातात पडतो. म्हणजे आधी उसनवारी तुझीच. तिकिटाचं बिल, बोर्डिंग पास, व्हिसाची पावती, नोंदणीची पावती, सगळं एका पाकिटात ठेव. बोर्डिंग पासची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढ आणि मूळ चिटोरं कोऱ्या ए-फोर कागदावर चिकटव. अर्ज 'थ्रू प्रॉपर चॅनल' जातो. प्राचार्यांची एनओसी, मग विद्यापीठ, मग पुढे. प्रत्येक टेबलावर तो आठवडाभर बसणार असं धरूनच चाल. आणि अर्जाला नुसतं स्वीकृतीपत्र जोडू नकोस. पूर्ण पेपर जोड, मागितला नसला तरी जोड. निदान एखाद्याला तरी तो वाचायची बुद्धी होईल.

आणि तुझा पेपर तर अजून झालेलाच नाही! गोषवारा स्वीकारला गेला तेव्हापासून तू तिकिटांचे दर बघते आहेस, पेपरचं एक पान पुढे सरकलेलं नाही. हे मला तुझ्या मेलच्या शेवटच्या ओळीत कळलं, तेही तू जाता जाता लिहिलंस म्हणून. अगं, जे लिहिलंच नाही ते वाचणार कोण?

माझं सांगते. 2003 ची काँग्रेस दक्षिण आफ्रिकेत डर्बनला होती. माझा पेपर स्वीकारला गेला होता, साखर कारखाने आणि जिल्हा परिषदेचं राजकारण यावर. अनुदानाचा अर्ज वेळेत गेला होता. मंजुरीचं पत्र आलं ते काँग्रेस संपल्यावर. वरातीमागून घोडं. घरून यजमान म्हणत होते, पतपेढीचं कर्ज काढू, जाऊन ये. मी नाही म्हटलं. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईने संशोधनासाठी कर्ज काढायचं आणि ज्यांचं ते काम आहे त्यांनी कागद दाबून बसायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. तेव्हा काँग्रेस दर तीन वर्षांनी भरायची. डर्बन चुकलं की थेट 2006 चं जपानातलं फुकुओका. आता, माद्रिदच्या 2012 च्या काँग्रेसनंतर, दोन वर्षांनी भरते. तुम्हाला तेवढं बरं आहे.

पण मी पेपर आधीच पाठवून ठेवला होता. माझ्या सत्राच्या चर्चक, म्हणजे सत्रातले पेपर वाचून त्यांवर बोलणाऱ्या, ब्राझीलच्या एक बाई होत्या. मी येत नाही म्हटल्यावर त्यांनी मला दोन पानी मेल लिहिला. माझ्या तिसऱ्या भागातला युक्तिवाद पहिल्या भागाला कसा छेद देतो, हे त्यांनी ओळीओळीने दाखवलं होतं. सभासदत्व आणि मतदान यांत मी गल्लत केली होती, तीही. माझ्या विद्यापीठात तोवर एवढ्या बारकाईने मला कुणी वाचलं नव्हतं. तो मेल मी छापून ठेवला आहे.

तू मनात म्हणत असशील, बाई स्वतःच्या न झालेल्या डर्बनची भरपाई करताहेत. म्हण. हळहळ मलाही आहे. त्यानंतरची माझी किती वर्षं नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींनी खाल्ली, ते आठवलं की झोप उडते. माझ्यानंतर लागलेले लोक प्रमाणपत्रांच्या जोरावर प्राध्यापक झाले, मी सहयोगीच राहून निवृत्त झाले. एकदा 'आदर्श शिक्षक' म्हणून माझंही नाव निघालं होतं. मी विचारलं, माझं काय वाचलंत? समोरचे गृहस्थ हसले. मी ती शाल घेतली नाही. स्टाफरूममध्ये मला आखडू ठरवलं गेलं. ठरवू देत. माझ्याकडे ब्राझीलचा मेल आहे, त्यांच्याकडे शाली आहेत, आणि या सौद्यात मी तोट्यात गेले असं मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

शिफारसपत्राचं सांगते, कारण तिथे तू सगळ्यात जास्त गडबडली आहेस. सरांना दुखवू नकोस, पण स्वतःची स्तुती स्वतः टाइप करून नेऊ नकोस. ते पत्र वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतं. "कष्टाळू, होतकरू, विनयशील" अशी विशेषणं दिसली की समजायचं, गाइडने पेपर उघडलेला नाही. तू काय कर, पेपरची सहा पानं घेऊन जा आणि म्हण, "सर, एवढी वाचून द्या, तिसऱ्या पानावर मी अडले आहे." खरंच जिथे अडली असशील ते पान दाखव. पुष्कळदा माणूस वाचतो, कारण त्याला कुणी वाचायला सांगितलेलंच नसतं. हे तुझे सर वाईट नाहीत, त्यांच्या टेबलावर परीक्षेचे गठ्ठे आहेत. दोन आठवड्यांत नाही वाचलं, तर दुसरा कुणी शोध. अर्जात चालत असेल तर माझं पत्र घे, पण तेही मी पेपर वाचल्यावरच देईन. माझ्यापुरता नियम शिथिल होणार नाही.

तिथे पोचलीस तर एक लक्षात ठेव. पावणेदोन तासांच्या सत्रात चार-पाच पेपर असतात, तुझ्या वाट्याला पंधरा मिनिटंही येत नाहीत. समोर दहा माणसं असली तरी नशीब. त्यामुळे तुझे खरे वाचक म्हणजे तुझ्याच सत्रातले बाकीचे आणि चर्चक. त्यांना पेपर तीन आठवडे आधी पाठव. आणि त्यांचे पेपर तू वाचून जा, प्रत्येकाला एक नेमका प्रश्न घेऊन जा. आपली मंडळी स्वतःचं वाचून झालं की खरेदीला पळतात. तू पळालीस आणि मला कळलं, तर माझ्याशी गाठ आहे. इथे आपण न वाचणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि तिथे जाऊन तेच करायचं, हे चालणार नाही.

फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचं विचारलं आहेस. पीएचडीला नोंदणी झालेल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत संशोधन करता येतं. त्याचा विचार पुढच्या वर्षी. त्याआधी तिथल्या ज्या प्राध्यापकाचं काम तू वाचलं आहेस, त्यांना तुझा पेपर जायला हवा. पुन्हा तेच, पेपर! मुंबईला कालिन्याच्या आवारात आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे ग्रंथालयात बसायला जा. अभ्यास अनुदानाची चौकशीही कर, डर्बनपेक्षा कालिना जवळ आहे.

पैसे कमी पडलेच तर मला सांग. लाजू नकोस आणि आभाराचं भाषण करू नकोस. मी देईन ते कर्ज असेल, अनुदान आलं की परत करायचं. पण त्याआधी मला पेपर हवा. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत निम्मा तरी. गावांची आणि सरपंच बायकांची नावं बदललीस का ते आधी बघ, वहीचा फोटो जोडणार असशील तर सह्या झाक. आणि पीडीएफ पाठवू नकोस, वर्ड फाइल पाठव. मला त्यात खोडाखोड करायची आहे.