आधी जमीन वाच

प्रिय,

महापालिकेच्या आराखडा छाननी समितीवर तुझं नाव आलं हे वाचून फार आनंद झाला. पहिल्याच बैठकीत विभाग कार्यालय, प्रसूतिगृह आणि नाट्यगृह असे तीन प्रस्ताव आहेत, आणि सादरीकरणात नेमकं काय बघायचं असं तू विचारलं आहेस. इतक्या वर्षांत माझं यावरचं मत पक्कं झालं आहे: सार्वजनिक इमारत जमिनीपासून वर वाचायची असते.

सादरीकरणाची सुरुवात बहुधा संध्याकाळच्या प्रकाशातल्या थ्रीडी चित्राने होईल. ते शांतपणे बघून घे, पण त्यावर चर्चा सुरू होऊ देऊ नकोस. साइट प्लॅन, म्हणजे पूर्ण आवाराचा नकाशा, मागव. त्यावर लेव्हल, म्हणजे ठिकठिकाणच्या उंचीचे आकडे, लिहिल्या आहेत का, रस्त्याची लेव्हल किती, जोत्याची किती, मागच्या नाल्याच्या तळाची किती, हे बघ. दर्शनी भाग पंधरा वर्षांनी बदलता येतो, रंग तर दर निवडणुकीला बदलतो. लेव्हल चुकली की इमारत उभी आहे तोवर लोक ती चूक भोगत राहतात.

आपल्याकडे रस्ते दर डांबरीकरणात थोडे थोडे वर येतात आणि जुनी कार्यालयं खड्ड्यात जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस अपवादाचा म्हणून बाजूला ठेवला तरी साधा हिशेब करायलाच हवा. १,००० चौरस मीटरच्या छतावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी खाली येतं. ते कुठल्या पाइपातून उतरतं, अंगणात कुठे पसरतं, कुठल्या चेंबरला मिळतं, आणि तो चेंबर भरलेला असेल तर पुढे काय, हे सल्लागाराला नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि ती दुप्पट करायची शिफारस मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात आली, हे लक्षात ठेव. म्हणजे रस्त्यावरची गटारं आपलं सगळं पाणी घेतील हे गृहीत धरायचं नाही. काही काळ ते आवारातच थांबवावं, मुरवावं लागेल. प्रसूतिगृहाच्या फाईलमध्ये वीजेचा मुख्य पॅनेल आणि जनरेटर तळघरात दाखवला असेल तर तिथेच थांब. बाकीचं नंतर बघू.

आता खरी गाठ इथे पडते. पुरासाठी जोतं उंच हवं, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला, पोटुशी बाईला, काठी टेकत येणाऱ्या पेन्शनरला ते बुटकं हवं. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. ९०० मिलिमीटर जोतं असेल तर त्याला १० मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय मध्ये सपाट लँडिंग, दोन्ही बाजूंना कठडा. बहुतेक नकाशांत कोपऱ्यात पाच-सहा मीटरची एक पट्टी आखलेली असते आणि तिच्यावर व्हीलचेअरचं चिन्ह. अशा रॅम्पवरून कोणी एकट्याने चढू शकत नाही. पण फाटकापासून दारापर्यंत आवारच हळूहळू वर घेतलं, १:२० च्या उताराने, तर त्याच ९०० मिलिमीटरला १८ मीटरची चाल पुरते. मग वेगळा रॅम्प लागत नाही. नगरसेवक, आयुक्त आणि व्हीलचेअरवरची मुलगी एकाच वाटेने आत जातात. हे काम इमारतीचा नकाशा एकटा करू शकत नाही आणि लँडस्केपचा, म्हणजे आवाराच्या मांडणीचा, नकाशाही एकटा करू शकत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की हे दोन्ही तू एकाच बैठकीत, एकावर एक ठेवून बघ. इमारत मंजूर झाली, लँडस्केप पुढच्या टप्प्यात, असं कोणी म्हणालं तर मान्य करू नकोस. पुढच्या टप्प्यापर्यंत पैसे संपलेले असतात आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवले जातात.

नाट्यगृहाचा प्रस्ताव बघण्याआधी जमलं तर पणजीला जाऊन ये. कांपालला मांडवीच्या काठावर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी कला अकादमी हे गोव्याचं कलाकेंद्र बांधलं. मुख्य नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे, आत भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक आहेत, आणि गोव्यातली मराठी नाट्यस्पर्धा वर्षानुवर्षं तिथे रंगत आली आहे. पण तू आत शिरण्याआधी बाहेर थांब. इमारत बुटकी आहे, रस्त्यावर रुबाब करत नाही. रस्त्यावरून तुम्ही सावलीत शिरता, छताखालच्या मोकळ्या जागेतून चालत जाता आणि समोर नदी येते. दार म्हणून काही ओलांडावंच लागत नाही. तालमीला आलेली पोरं, प्रयोगाची वाट बघणारे, नुसते वाऱ्याला बसलेले, सगळे तिथे मावतात. तिकीट न काढलेल्या माणसालाही त्या इमारतीत वाटा आहे. सार्वजनिक नाट्यगृहाकडून मी एवढंच मागते, आणि तुझ्या फाईलमधल्या प्रस्तावात ते आहे का हे तळमजल्याच्या नकाशावर पाच मिनिटांत कळेल. प्रेक्षागृहाच्या बाहेर किती जागा सावलीत आहे, तिथे प्रयोग नसलेल्या मंगळवारी दुपारी कोणी येऊ शकतं का, की फाटकाला कुलूप?

त्याच कला अकादमीत जुलै २०२३ मध्ये नूतनीकरणाचं काम चालू असताना खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्याची बातमी वाचली तेव्हा मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. खाऱ्या हवेतलं काँक्रीट सतत लक्ष मागतं, आणि उत्तम इमारत आपोआप जपली जात नाही. म्हणून प्रत्येक सादरीकरणात विचार: गच्चीवर माणूस कुठून चढणार? पन्हाळ साफ कोण करणार आणि उभं कुठे राहणार? काच बाहेरून पुसायला काय सोय आहे? एसीची बाहेरची युनिट कुठे ठेवणार? नकाशात त्यांना जागा नसेल तर दोन वर्षांत ती दर्शनी भिंतीवर लटकलेली दिसतील आणि त्यांचं पाणी खालच्या रांगेतल्या लोकांवर ठिबकेल.

उन्हाबद्दल एक गोष्ट नीट समजून घे, कारण परदेशी पुस्तकांवर वाढलेले सल्लागार इथे हमखास चुकतात. आपण १९ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो. मुंबईत साधारण १६ मे ते २७ जुलै या काळात भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेची भिंत कायम सावलीत, हे आपल्याला लागू नाही. तिलाही छज्जा लागतो. पश्चिमेला तर दुपारनंतरचं ऊन आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारा तिरपा मारा, दोन्ही एकाच भिंतीवर. तिथे जमिनीपासून गच्चीपर्यंत काच दाखवली असेल तर त्या भिंतीचा छेद, म्हणजे ती उभी कापून दाखवणारा नकाशा, १:२० प्रमाणात मागव. छज्जा किती बाहेर आहे, खिडकीच्या तळाला पाणी बाहेर टाकणारा उतार आहे का, पावसातही थोडी उघडी ठेवता येईल अशी खिडकी आहे का, हे छेदातच दिसतं. वीज गेल्यावर त्या खोलीत प्रसूत झालेली बाई आणि तिचं तान्हं बाळ असणार आहे.

झाडांवर मी जरा जास्त लिहिणार आहे.

चित्रातलं झाड तीन मजली असतं. निविदेच्या परिमाणपत्रकात, म्हणजे कोणती वस्तू किती लागणार त्या यादीत, तेच झाड सहा फुटी रोप म्हणून येतं, आणि कधीकधी येतच नाही. हे दोन कागद शेजारी ठेवून बघायची सवय लाव. त्याआधी जागेवर आज उभ्या असलेल्या झाडांचा सर्व्हे माग: जात, बुंध्याचा घेर, नेमकी जागा, बुंध्यापाशी जमिनीची लेव्हल. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा नागरी क्षेत्रासाठीचा कायदा १९७५ पासून आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पण झाड तोडायची परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाकडे प्रकरण पोचतं तेव्हा इमारतीची जागा बहुधा ठरून गेलेली असते. तुझी समिती त्याच्या आधी बसते, म्हणून तिचं महत्त्व. इमारत चार मीटर सरकवली तर जुना वड वाचतो का, हा प्रश्न त्याच वेळी विचारता येतो, नंतर नाही. झाड वाचवलं असं नकाशावर लिहून त्याच्याभोवती दोन फूट भराव घातला की ते हळूहळू मरतं, तेही तपास. बुंध्याभोवती निदान एक मीटर जमीन उघडी हवी, मोठ्या झाडाला त्याहून पुष्कळ जास्त.

तळघरातल्या पार्किंगच्या स्लॅबवर दाट झाडी दाखवली असेल तर मातीची खोली विचार. मोठ्या झाडाला मीटर, सव्वा मीटर माती लागते, आणि भिजलेली तेवढी माती चौरस मीटरला दोन टनांच्या घरात जाते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो भार धरला आहे का, हे त्याच्याच तोंडून ऐक. हिरवळ शक्यतो नको म्हण. उन्हाळ्यात तिला रोज पाणी लागतं, ते टँकरने येतं, आणि वर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी लागते. त्याऐवजी सावली माग. बकुळ, करंज, कदंब, ताम्हण, समुद्राजवळ उंडी आणि भेंड. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, तरी सरकारी आवारांत बाटली पामच्या रांगाच दिसतात आणि त्यांची सावली एका माणसालाही पुरत नाही. लावणी आणि निदान तीन वर्षांची निगा एकाच निविदेत घालायला सांग.

विभाग कार्यालयाचा प्रस्ताव बघण्याआधी सध्याच्या कार्यालयात सोमवारी सकाळी जा आणि उभी राहा. कोण कुठे रांग लावतं, दाखल्याचा अर्ज कशावर टेकवून भरतं, झेरॉक्सवाला कुठे बसतो, सफाई कामगार डबा कुठे खातात, बायका शौचालय कुठे शोधतात. २०११ मध्ये मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली ती याच साध्या गरजेसाठी. नव्या नकाशात बायकांचं शौचालय किती, आणि रांगेतल्या बाईला ते विचारल्याशिवाय सापडेल का, हे बघ. प्रसूतिगृहाबाहेर नातेवाईक रात्रभर थांबतात. त्यांना ओटा, पंखा, नळ आणि दिवा हवा. एका दवाखान्याच्या नकाशात या माणसांसाठी काहीच नव्हतं, आणि उद्घाटनानंतर महिन्याभरात रुग्णवाहिकेच्या वाटेवर लोक चटया टाकून झोपायला लागले. मग त्यांना हाकलायला रखवालदार नेमला गेला.

बैठकीत वागायचं कसं, तेही विचारलं आहेस. समोर बसलेला वास्तुरचनाकार बहुधा कमी फीवर, सर्वात कमी दराच्या निविदेतून आलेला असतो, आणि त्याच्यावर आधीच चार जणांनी आपापल्या आवडी लादलेल्या असतात. कोणाला घुमट हवा असतो, कोणाला काच. त्यात तू आपली आवड पाचवी म्हणून घालू नकोस. त्याच्या हातातली पेन्सिल घेऊ नकोस. अडचण दाखव, उत्तर त्याला शोधू दे. कित्येकदा तो तुझ्यापेक्षा चांगलं शोधतो. शेरा मात्र नेमका लिही. ‘दर्शनी भाग अधिक आकर्षक करावा’ या वाक्याने कोणाचंही भलं झालेलं नाही. ‘मुख्य प्रवेशाचं जोतं ९०० मिमी, दाखवलेला रॅम्प ६ मीटर, म्हणजे उतार जवळपास १:७, १:१२ ने फेरआखणी करून लँडिंगसह नकाशा सादर करावा’ असं लिहिलंस की कार्यकारी अभियंता ते टाळू शकत नाही आणि रचनाकारालाही वरिष्ठांपुढे आधार मिळतो.

तुझ्यासारख्या समित्या आधीही झाल्या आहेत: दिल्लीत १९७३ च्या कायद्याने इमारतींचे प्रस्ताव तपासणारं अर्बन आर्ट कमिशन झालं. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ च्या नियमावलीने समिती आली. तुझ्या समितीचं मत सल्ल्यापुरतं आहे, म्हणून ते कधी दिलं जातं यावर सगळं अवलंबून आहे. संकल्पनेच्या टप्प्यावर एकदा आणि निविदा निघण्याआधी एकदा, असे दोनदा प्रस्ताव समितीपुढे यावेत, हे पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात नोंदवून घे. दुसऱ्या वेळी परिमाणपत्रकही माग. तिथेच झाडं, बाकं आणि छज्जे गळालेले सापडतात. बहुमत तुझ्याविरुद्ध गेलं तर भिन्नमत लेखी दे, दोन परिच्छेदांत, आकड्यांसह. ओळखीच्या कार्यालयाचा प्रस्ताव असेल तर त्या दिवशी खोलीबाहेर जा.

प्रसूतिगृहाच्या नकाशांत लेव्हल दिलेल्याच नाहीत असं तू लिहिलं आहेस. मग त्यावर आत्ता मत देऊ नकोस. सर्व्हे करून पुन्हा सादर करा, एवढाच शेरा दे, आणि तो पावसाआधी करून घ्यायला सांग. नाट्यगृहाची तळमजल्याची आणि साइटची शीट मला पाठव, रविवारी फोनवर बोलू.

कळावे.