जुनी गाडी घेतलीत, पण दुसरी चावी घेतलीत का?

प्रश्न : महिन्यापूर्वी २०१६ची सेकंडहँड कार घेतली. सोसायटीत पार्किंग नाही, रात्री रस्त्यावरच लावावी लागते. चोरी होऊ नये म्हणून जीपीएस ट्रॅकर बसवला तर पुरे का, की आणखी काही करावं लागेल?

उत्तर :

जीपीएसवर येतोच, पण आधी मला सांगा, गाडी ताब्यात घेताना चाव्या किती मिळाल्या? एकच मिळाली असेल आणि “दुसरी कुठंतरी ठेवलीय हो, सापडली की देतो” असं मूळ मालक किंवा एजंट म्हणाला असेल, तर तुमचं काम तिथून सुरू होतं. शहाणपण शिकवत नाहीये. एका चावीपायी माझे सत्तर हजार गेलेत. गाडी गेली ती वेगळीच.

गोष्ट जून २०२२ची. आम्ही तेव्हा पुण्यात धनकवडीत भाड्यानं राहायचो. माझी २०१४ची पांढरी स्विफ्ट समोरच्या भिंतीला लागून उभी असायची. रात्री वळवाची सर येऊन गेली होती. सकाळी सव्वासहाला दूध आणायला उतरलो तर ओल्या रस्त्यावर गाडीच्या मापाचा कोरडा चौकोन, आणि गाडी नाही. अशा वेळी माणूस काय करतो माहितेय? गल्लीच्या एका टोकापर्यंत जाऊन येतो. मग दुसऱ्या टोकापर्यंत. मग बायकोला फोन करून विचारतो, “काल गाडी मी इथंच लावली होती ना गं?” मी हे सगळं केलं.

चौकीत हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, “चावी कुठंय?” दुसरा, “बँकेचा हप्ता थकलाय का?” वसुलीवाले गाडी उचलतात आणि मालक चोरीची फिर्याद घेऊन येतो, हे त्यांना रोजचंच. तोवर ते लिहिताना मान वर करत नव्हते. मी कोरड्या चौकोनाचं सांगितलं तेव्हा मात्र थांबले. पाऊस पावणेचारच्या सुमाराला थांबला होता. खालची जमीन कोरडी म्हणजे गाडी त्यानंतर हलली. रात्रभराचं फुटेज चाळत बसायची गरजच राहिली नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी दोघं जण दिसले. दोन मिनिटांत गाडी सुरू करून गेले. काच फोडली नाही, अलार्म वाजला नाही, शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

आणि याच वेळी माझ्या खिशात, सायलेंटवर ठेवलेल्या फोनमध्ये, पाच वीसचा फास्टॅगचा मेसेज पडलेला होता. खेड शिवापूर टोल. तो मी साडेसातला पाहिला. पुढचा आनेवाडीचा टोल कधी कापलाच गेला नाही. म्हणजे मधे कुठंतरी टॅग खरवडला आणि नंबरपाट्या बदलल्या. पाटी काय, तेव्हा दोन स्क्रूवर बसलेली. (१ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना न उघडणाऱ्या लॉकची हाय सिक्युरिटी पाटी येते, जुन्यांनाही आता ती सक्तीची आहे. तुमच्या २०१६च्या गाडीला बसलीय का बघा. चोरी थांबत नाही, पण चोराचं काम वाढतं.) गाडी आजतागायत मिळालेली नाही.

आता चावी. माझी दुसरी चावी २०२०मध्येच हरवली होती. “एक आहे ना, चालतंय” म्हणून मी कुठं नोंद केली नाही की नवी करून घेतली नाही. क्लेमच्या वेळी विमा कंपनीनं मूळ दोन्ही चाव्या मागितल्या. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे म्हणा, चावी कुणाला देऊन गाडी ‘चोरीला’ पाठवणारे महाभागही असतात. पत्रं गेली, आली, ॲफिडेव्हिट झालं, आणि शेवटी ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अटी पुऱ्या न पाळलेला क्लेम म्हणून आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) पंच्याहत्तर टक्के मिळाले. आयडीव्ही होती २,८०,०००. हातात पडले २,१०,०००.

भोसरीला माझा मेहुणा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. त्यानं नंतर समजावलं ते तुमच्या कामाचं आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर असतो. चावीच्या प्लास्टिकमध्ये चिप असते आणि गाडीचा कॉम्प्युटर ती ओळखतो, तरच इंजिन सुरू होतं. पण स्टेअरिंगच्या खाली स्कॅनर लावायचं जे सॉकेट असतं ना, ओबीडी पोर्ट, त्यातून मशीन लावून नवी चावी गाडीला ‘शिकवता’ येते. सर्व्हिस सेंटरवाले तसंच करतात, आणि चोरही. त्याच मशीननं जुन्या चाव्या पुसूनही टाकता येतात! म्हणून तुम्ही आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. म्हणा, दोन चाव्या हातात हव्यात आणि त्या दोन सोडून बाकी सगळ्या पुसा. मग मूळ मालकाच्या ड्रॉवरमधल्या, एजंटाच्या पोरानं करून घेतलेल्या, कुठल्या तरी गॅरेजच्या खिळ्यावर लटकलेल्या चावीनं दार उघडेल फार तर, इंजिन सुरू होणार नाही. गाडी बिनचिपची निघाली तर सरळ लॉक सेट बदला. पावती जपून ठेवा, चावी हरवल्याची पोलिसांकडे ऑनलाइन नोंद होते तीही करून ठेवा. क्लेमच्या फायलीत हे कागद चावीइतकेच बोलतात.

तेवढंच निकडीचं दुसरं काम म्हणजे विमा तुमच्या नावावर झालाय का हे बघणं. सेकंडहँड घेणारे दहातले निम्मे इथं फसतात असा माझा अंदाज. एजंट म्हणतो, “पॉलिसी चालू आहे साहेब, नोव्हेंबरपर्यंत टेन्शन नाही.” पॉलिसी चालू असते, पण जुन्या मालकाच्या नावानं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७नुसार थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं. चोरी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र आपोआप येत नाही. त्यासाठी विक्रीपासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. तुमचा महिना उलटलाय. आजच फोन करा, गाडीची तपासणी करून पॉलिसी नावावर करून घ्या. आणि नुसती थर्ड पार्टी असेल तर चोरीला एक पैसा मिळत नाही. चोरी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारी फर्स्ट पार्टीच हवी. आरसी ट्रान्सफरची मुदत घेणाऱ्याला तीस दिवसांची आहे, तेही लांबवू नका.

आता लोखंडाकडे येऊ. रस्त्यावर रात्री उभ्या गाडीला मी स्टेअरिंगवर आडवा दांडा लावतो, भडक पिवळा. लोक हसतात. तो कापता येतो, हे मला ठाऊक आहे. पण कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि माझ्या गल्लीतले ते दोघं दोन मिनिटांच्या हिशेबानं आले होते. लांबून काचेतून पिवळा दांडा दिसला की ते पुढच्या गाडीकडे वळणार. पुढची गाडी शेजाऱ्याची असेल, त्याला मी हे सांगितलंय, तो ऐकत नाही. गिअर लॉकही चांगला, फक्त रोज लावायचा कंटाळा येणार नाही असं काहीतरी निवडा. माळ्यावर पडलेलं कुलूप कुणाला अडवत नाही.

याच्या जोडीला मेहुण्यानं माझ्या आत्ताच्या गाडीत पेट्रोल पंपाच्या वायरमध्ये एक लपवलेला स्विच टाकलाय. तो बंद असला की स्टार्टर फिरतो, गाडी खोकते, पण धरत नाही. कुठं टाकलाय ते सांगत नाही, बायकोलासुद्धा महिन्याभरानं सांगितलं. तुमच्या गाडीची वॉरंटी संपलेली असणार, त्यामुळे अडचण नाही, पण काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. कच्चा जोड चालत्या गाडीत सुटला तर हायवेवर पंचाईत. गावाला जाताना आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर याहून फुकटचा उपाय आहे. फ्यूज बॉक्समधला फ्युएल पंपाचा फ्यूज काढून खिशात टाका. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा त्याचा नकाशा असतो.

पुश बटनची, चावी खिशातच ठेवून उघडणारी गाडी असेल तर धोका निराळा. चावीचा क्षीण सिग्नल घराच्या दाराबाहेरून पकडून यंत्रानं गाडीपर्यंत पोचवतात, गाडीला वाटतं मालक जवळच आहे. त्यावर उपाय आपल्या फडताळातच आहे, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. पण डबा घेऊन एकदा गाडीशेजारी उभं राहून बघा. दार उघडलं तर तो डबा परत चिवड्याला.

जीपीएस बसवा, नको म्हणत नाही. पण तो गाडी कुठं गेली ते सांगतो, गाडी जाऊ देऊ नको असं कुणाला सांगत नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटात किंवा ओबीडीत खोचायचा घेऊ नका, तो चोर आधी उपटतो. वायरिंगमधून जोडलेला आणि स्वतःची बॅटरी असलेला, डॅशबोर्डच्या आत बसवा. सिमची वर्गणी संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. माझ्या ओळखीच्या एकाचा ट्रॅकर गाडी गेली त्या दिवशी पाच महिने मेलेला होता. काही ट्रॅकर मोबाइलवरून इंजिन बंद करू देतात. ते बटन गाडी उभी असतानाच वापरायचं. पळत्या गाडीचं इंजिन बंद केलं की पॉवर स्टेअरिंग आणि ब्रेकचा जोर जातो, आणि समोर कुणाचंतरी पोर असू शकतं. ठिकाण दिसलं तर स्वतः मेहुणे-भावांना घेऊन जाऊ नका, ११२ला फोन करून पोलिसांना लोकेशन द्या. जाता जाता, चोरीविरोधी यंत्र एआरएआयनं (गाड्या तपासणारी संस्था, पुण्यात आपल्या वेताळ टेकडीजवळचीच) मान्य केलेलं असेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट मिळायची तरतूद आहे. फार नाही, पण नूतनीकरणाच्या वेळी विचारा.

जागा निवडताना दिव्याखाली, कॅमेऱ्याच्या तोंडात, आणि पुढचं चाक फुटपाथकडे पूर्ण वळवून लावा. मारुतीची इको असती तर वेगळं सांगितलं असतं, तिच्या सायलेन्सरवर डोळा असतो. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियमपायी गाडी सोडून सायलेन्सरच नेतात. लॅपटॉपची बॅग कुठल्याच गाडीत दिसू देऊ नका, काच फोडायला सेकंद पुरतो.

हॉटेलात व्हॅलेटला चावी देताना रिमोट आणि गाडीची चावी तेवढीच द्या, घराच्या चाव्या काढून घ्या. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलं असलं तरी घाबरू नका. १९९८मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून व्हॅलेटकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं. आणि “एका मिनिटात आलो” म्हणून चावी इग्निशनला ठेवून टपरीवर उतरू नका. असाच ट्रक गेलेल्या एका मालकाला २०२३मध्ये न्यायालयानं पूर्ण नाही, पंच्याहत्तर टक्के देवविले. माझ्यासारखेच.

गेलीच तर? आधी टोइंगवाल्यांनी उचलली नाही ना हे पाहा, मग त्याच तासात फिर्याद द्या. माझ्या वेळी भारतीय दंड संहितेचं कलम ३७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३(२) लागतं. एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल, आरटीओला पत्र. कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पोलिसांत लगेच गेला असाल तर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये म्हटलंय. तरी त्या भरवशावर बसू नका. पुढे गाडी सापडत नाही असा पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल कोर्टातून मंजूर होऊन यावा लागतो. याला महिने जातात. तोवर कर्जाचा हप्ता चालूच राहतो, आणि एचपी (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरलेली नसेल तर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात.

एक शंका तुमच्याच गाडीबद्दल. चोरीच्या गाडीला अपघातात मोडीत निघालेल्या गाडीचे कागद आणि चॅसी नंबर चढवून विकायचा धंदा जुना आहे. माझी स्विफ्ट बहुधा अशीच कुणाच्या तरी दारात उभी असेल. तेव्हा बॉनेट उघडून चॅसीवरचा सतरा अक्षरांचा नंबर टॉर्चनं आरसीशी ताडून पाहा, आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा नाहीत ना बघा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) संकेतस्थळावर गाडी चोरीच्या नोंदीत नाही याचा दाखलाही काढता येतो. खरं तर हे पैसे देण्याआधी करायचं, पण आता तरी करा.

माझी हल्लीची दुसरी चावी सासूबाईंच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली आहे. त्या दर महिन्याला फोन करून सांगतात की ती आहे. तुमची सापडली का, तेवढं कळवा.