वाचकांचे प्रश्न : ह्युमिडॉर कसा निवडावा, कसा तयार करावा?

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो असून विलेपार्ल्याला राहतो. अधूनमधून सिगार ओढण्याची सवय जहाजावर लागली. भाचीने परदेशातून येताना पंचवीस सिगार आणले आहेत, त्यांच्यासाठी लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यात साठवण्याची पेटी, घेण्याचा विचार आहे. एका माहितीपत्रकात पेटी आतून ओल्या फडक्याने पुसा, स्पंज पाण्याने भरा आणि आर्द्रता 70 टक्के ठेवा असे लिहिले आहे. मुंबईच्या हवेत हे लागू पडेल का? पेटी निवडताना काय पाहावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अशी पत्रके बहुधा युरोप-अमेरिकेतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. तिथे हिवाळ्यात खोल्या तापवल्या जातात, हवा अतिशय कोरडी होते आणि पेटीला सतत ओलावा पुरवावा लागतो. आपल्याकडे जुलैत हवेतील आर्द्रता एरवीच 80 टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे मुंबईत वर्षाचे निदान चार महिने ह्युमिडॉरचे काम बाहेरचा दमटपणा आत येऊ न देणे हेच असते. सिगार फार ओला झाला की फुगतो, त्याचे वरचे पान उकलते, ओढताना दम लागतो, जळताना तो एका बाजूने पुढे जातो आणि शेवटी बुरशी धरतो. म्हणूनच आमच्या मते मुंबईत 70 पेक्षा 65 टक्क्यांच्या आसपास राहणे अधिक सुरक्षित आहे.

यावरून निवडीचा पहिला निकष ठरतो, तो म्हणजे झाकणाची बसणी. वरची पॉलिश, पितळी बिजागऱ्या, नक्षी यांना त्यानंतरचे स्थान द्यावे. दुकानात झाकण तीन-चार इंचांवरून हलकेच सोडून पाहावे; आतली हवा कोंडली गेल्याने ते शेवटच्या टप्प्यात मंदावून अलगद बसले, तर जोड चांगले आहेत असे समजावे. दाणकन आपटले, तर कुठेतरी फट आहे. घरी आणल्यावर अंधाऱ्या खोलीत पेटीत पेटती विजेरी ठेवून झाकण लावावे आणि चारही बाजूंनी प्रकाशाची रेघ दिसते का ते पाहावे. झाकणात कागदाची पट्टी धरून ओढली असता ती सगळीकडे सारख्याच जोराने अडली पाहिजे. काचेच्या झाकणाच्या पेट्या दिसायला देखण्या असल्या तरी काच आणि लाकूड यांच्या सांध्यातून हवा जाते, शिवाय उजेडही आत येतो. त्या टाळलेल्या बऱ्या.

आतले अस्तर ‘स्पॅनिश सीडर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडाचे असावे आणि त्यावर कसलेही पॉलिश नसावे. हे झाड मध्य व दक्षिण अमेरिकेतले, कडुलिंब आणि महोगनी यांच्या कुळातले. आपल्याकडचा तूण त्याचा जवळचा नातेवाईक. स्थानिक सुताराकडून पेटी करून घेणार असाल तर तो सीडर म्हणून देवदार तर वापरत नाही ना, याची खात्री करा, कारण देवदारातील तेलाचा उग्र वास सिगारमध्ये उतरतो आणि मग जात नाही. आकार गरजेपेक्षा मोठा घ्यावा. आपल्या पंचवीस सिगारांसाठी पन्नासची पेटी योग्य ठरेल, कारण खच्चून भरलेल्या पेटीत हवा खेळत नाही.

आता पूर्वतयारी. सर्वप्रथम आर्द्रतामापक तपासावा, कारण पेटीसोबत येणाऱ्या काट्याच्या मापकांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. साधा डिजिटल मापक घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी टाकावे. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखे दिसले पाहिजे. हे झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत शेजारी शेजारी ठेवून दिवसभर हलवू नये. अशा बंद जागेत ओले मीठ आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर ठेवते. मापक 71 दाखवत असेल, तर तो चारने मागे आहे हे ध्यानात ठेवून पुढची मोजणी करावी.

ओल्या फडक्याने पुसण्याचा सल्ला मात्र मानू नये. पातळ अस्तर एकाच बाजूने एकदम भिजले की वाकते, आणि मग झाकणाची जी बसणी आपण एवढी पारखून घेतली तीच बिघडते. कोरड्या लाकडाला ओलावा द्यायचा तो हवेतूनच आणि सावकाश. 84 टक्क्यांची आर्द्रता-पाकिटे (बंद पेटीतील आर्द्रता ठरावीक आकड्यावर राखणारी तयार पाकिटे) रिकाम्या पेटीत ठेवून पेटी चौदा दिवस बंद ठेवावी. पाकिटे न मिळाल्यास पसरट वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवले तरी चालते. नळाचे पाणी नको, आरओचेही नको, कारण त्यात क्षार उरतातच. त्यानंतर 65 टक्क्यांची पाकिटे आत ठेवावीत, आकडा दोन-तीन दिवस जागचा हलत नाही असे दिसले की मगच सिगार ठेवावेत. ही पाकिटे ओलावा देतात तशीच जास्तीचा शोषूनही घेतात. स्पंजाला फक्त देता येते, म्हणून पावसाळ्यात तो पेटीत नसावा. आतले पाणी संपून पाकीट कडक झाले की बदलावे.

आपण विचारले नसले तरी उष्णतेबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण मुंबईत सिगार बहुधा तिच्यामुळेच हातचे जातात. तंबाखूच्या पानात एका बारीक तपकिरी भुंगेऱ्याची अंडी असू शकतात; हाच भुंगेरा साठवणीच्या हळदीलाही लागतो. तापमान 24-25 अंशांच्या वर राहू लागले की अंडी उबतात, आणि अळ्या सिगार आतून पोखरतात. वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके आणि तळाशी भुकटी दिसेपर्यंत शेजारचे सिगारही गेलेले असतात. म्हणून आपले सिगार पेटीत ठेवण्यापूर्वी दुहेरी हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि त्यानंतर खोलीत ठेवावेत. या पायऱ्यांत घाई केलीत तर पान तडकते. पेटी भिंतीलगतच्या थंड कोपऱ्यात असावी. ऊन येणारी खिडकी आणि फ्रिजचा माथा या दोन्ही जागा वाईट. कपड्यांच्या कपाटात ती मुळीच ठेवू नये. डांबरगोळ्यांचा वास एकदा लाकडात मुरला की ती पेटी सिगारांच्या उपयोगाची राहत नाही.

प्रश्न : मी नागपूरला असते. वडिलांसाठी दहा-बारा सिगार ठेवायचे आहेत. एवढ्यासाठी महाग पेटी घ्यायलाच हवी का?

उत्तर : मुळीच नको. रबरी कडा असलेला, पक्के झाकण बसणारा नवा प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा घ्या. मसाल्याचा जुना डबा कितीही घासला तरी चालणार नाही. त्यात सीडरची एखादी पट्टी आणि 65 टक्क्यांचे एक पाकीट ठेवा. प्लास्टिक पाणी पीत नसल्याने चौदा दिवसांची तयारीही करावी लागत नाही. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत असा डबा साध्या लाकडी पेटीपेक्षा ओलावा अधिक चांगला राखतो. झाकण आठवड्यातून एकदा थोडा वेळ उघडून हवा बदलावी. पारा 45 अंशांकडे जातो त्या दिवसांत मात्र डबा सतत एसी चालणाऱ्या खोलीत हवा. तशी खोली नसेल तर उन्हाळ्यापुरते सिगार साठवूच नयेत, लागतील तेवढेच आणावेत.