पुढे एअरबॅग असताना मागच्या सीटवर पट्टा लावायची खरंच गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की बीड ते संभाजीनगर नेहमीचं जाणं आहे, पुढचे दोघं पट्टा लावतात, गाडीत एअरबॅग आहेत. मग मागं बसलेल्या आईंना आणि त्यांच्या मांडीवरच्या लेकराला पट्टा कशाला? गरज आहे, आणि पुढच्यांइतकीच आहे. माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, ठोकलेल्या गाड्या रोज समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी धडकून थांबते, आतली माणसं मात्र त्याच वेगानं पुढं जात राहतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे ४५ फूट खोल कोरड्या विहिरीच्या तळाला आदळताना जो वेग असतो, तेवढा. समृद्धीवर १२०नं गेलात तर वेग दुप्पट होतो, पण धडकेतली ऊर्जा चौपट. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, त्यावर सगळं ठरतं. गाडीचं तोंड मुद्दाम चेपेल असंच बनवलेलं असतं. नव्या गाड्यांचा पत्रा लगेच चुरगळतो, अशी तक्रार गिऱ्हाईक करतात. पण तो अर्धा-पाऊण मीटर चेपतो म्हणूनच माणूस वाचतो. पट्टा लावलेला माणूस तेवढ्या अंतरात गाडीबरोबर थांबतो. वजनाच्या वीस-पंचवीस पट जोर येतो, पण तो खांद्याच्या, छातीच्या आणि कंबरेच्या हाडांवर वाटला जातो. पट्टा नसेल तर तो समोर जे येईल त्यावर आदळून काही सेंटिमीटरांत थांबतो आणि जोर शंभर पटीच्या वर जातो.

मागच्या माणसाच्या समोर येते ती पुढची सीट. अशा गाडीची सीट खोलली की पाठीची लोखंडी फ्रेम पुढं वाकलेली दिसते. ती मागच्याच्या गुडघ्यांनी आणि छातीनं वाकवलेली असते. म्हणजे पुढच्यानं पट्टा लावलेला असला तरी तो मागून चेमटतो.

लेकराचं तर फार वाईट वाटतं. १० किलोचं लेकरू ६०च्या धडकेत हातांना सव्वादोनशे-अडीचशे किलोचं होतं. कुठल्याच आईचे हात ते धरू शकत नाहीत. त्याला मागच्या सीटवर, त्याच्या वयाच्या चाइल्ड सीटमध्येच बसवा. पुढं मांडीवर तर कधीच घेऊ नका. एअरबॅग सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात फुगते आणि तो फटका लेकराला सोसत नाही. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याऐवजी नाही. आणि समोरच्या दोन्ही बॅगा मागच्यांच्या काही कामाच्या नाहीत.

मागची सीट सुरक्षित, ही समजूत आपल्याकडं फार घट्ट आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात कारच्या अपघातात गेले तेव्हा मागंच बसले होते, आणि पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब खाली १,००० रुपये दंड आहे, तो मागच्यांनाही लागू होतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हंगामात रात्री उसाची ट्रॉली मागं लाल दिवा नसताना चालते. गाडी तिच्याखाली घुसली तर तोंड चेपायच्या आतच काच ट्रॉलीला भिडते, तिथं पट्टा पुरा पडत नाही. त्या रस्त्यावर रात्री वेगच कमी ठेवा.

पट्टा झटक्यात ओढला की अडकतो, म्हणून बरेच जण तो बिघडला असं समजतात. तो अडकायलाच हवा, हळू ओढला की सुटा येतो. खालची पट्टी पोटावर नको, कंबरेच्या हाडावर खाली बसवा. वरची काखेतून न घेता खांद्यावरून घ्या.

आणि आईंना पट्टा लावायला सांगण्याआधी मागची सीट चाचपून बघा. कव्हर टाकताना मागची बकलं बहुतेक वेळा कव्हरखालीच दाबली जातात. कुशनवाल्याकडून तिथं भोकं पाडून कडा शिवून घ्या, आणि तिन्ही बकलं वर काढून ठेवा.