नवीन ॲक्वेरियममध्ये पाणी भरल्यावर मासे लगेच सोडावेत की महिनाभर थांबावे?

आपण विचारले आहे की, आठ वर्षांच्या मुलासाठी दोन फुटी काचेची टाकी घेतली आहे, दुकानदार म्हणतो आज पाणी भरा आणि उद्या मासे घेऊन जा, इंटरनेटवरचे लोक मात्र महिनाभर टाकी रिकामी चालवायला सांगतात, तर यात खरे कोणाचे, आणि इंदूरच्या नळाचे पाणी चालेल का, फिल्टर कोणता घ्यावा. थांबावे लागते, आणि ज्या टाकीला आपण रिकामी म्हणता ती रिकामी नसते. लोकमान्य नगरातल्या आमच्याच दिवाणखान्यात मी हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले आहे आणि ते इतक्या वेळा हसण्यावारी नेले गेले आहे की, आपला प्रश्न वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 29 वर्षे सहायक होते, त्यामुळे पाण्याची परीक्षा करणे हा माझ्या हातचा विषय. 2012 च्या जानेवारीत मुलीच्या हट्टाखातर टाकी घेतली. चोवीस इंच लांब, बारा रुंद, पंधरा उंच. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात सुमारे 55 लिटर पाणी मावत असे. क्लोरीन काढलेले पाणी भरले, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावला आणि रसायनांच्या दुकानातून आणलेले अमोनियम क्लोराइड, म्हणजेच कल्हईवाला वापरतो तो नवसागर, पण शुद्ध, एक तृतीयांश ग्रॅमपेक्षा किंचित जास्त मोजून पाण्यात विरघळवले. तेवढ्याने 55 लिटर पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. मासे आपल्या कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात निरुपद्रवी असते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजावर आणि खडीवर थर करून राहतात, आणि दुसऱ्या जातीचे तर फारच सावकाश वाढतात. मासे नसताना या जिवाणूंना अमोनिया खाऊ घालून वाढवायचे आणि त्यांची संख्या पुरेशी झाली की मग मासे आणायचे, यालाच टाकीची सायकल पूर्ण करणे म्हणतात.

आता रोज संध्याकाळी परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकत बसलेली बाई घरच्यांना कशी दिसली असेल, याची आपण कल्पना करावी. यजमान काही बोलत नसत. माझे धाकटे दीर, जे तेव्हा सुदामा नगरात राहायचे आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे, ते मात्र टाकीसमोर उभे राहून विचारत, “वहिनी, आज पाण्याने काय खाल्लं?” त्यात थंडीचे दिवस होते, हीटर लावलेला नव्हता, टाकीतले पाणी वीस अंशांच्या आसपास असायचे, आणि अशा पाण्यात जिवाणू आणखी रेंगाळतात. एकोणिसाव्या दिवशी अमोनिया पहिल्यांदा शून्यावर आला. मी पुन्हा तितकाच घातला. नायट्राइटच्या चाचणीतला रंग मात्र निळ्यावरून गर्द जांभळ्यावर जाऊन थांबला होता, आणि ते अपेक्षितच होते, कारण 1 मिलिग्रॅम अमोनियापासून जवळजवळ 2.7 मिलिग्रॅम नायट्राइट तयार होते. टाकी अर्ध्या वाटेवर होती.

तेविसाव्या दिवशी आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. मी स्वयंपाकघरात वाणाच्या वाट्या पुसत होते. बाहेर आले तेव्हा टाकीत सहा गोल्डफिश पोहत होते आणि भाऊजी हातात रिकामी प्लास्टिकची पिशवी घेऊन समाधानाने उभे होते. बायका येणार, रिकामी टाकी बरी दिसत नाही, असा त्यांचा हेतू होता, आणि हेतू चांगला होता हे मी आजही नाकारत नाही. काही बोलावे तोवर पहिल्या दोघीजणी दारात आल्या. पुढचे दोन तास मी हळदीकुंकू लावत, अत्तर लावत, तिळगूळ देत होते, प्रत्येक जण टाकीजवळ थांबून मासे किती गोड आहेत ते सांगत होती आणि माझे लक्ष माशांच्या तोंडांकडे होते. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळे सहा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले.

मी अर्धे पाणी बदलले, रात्री पुन्हा अर्धे बदलले. चार मासे रात्रीत गेले, दोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. त्यातल्या एकाचे कल्ल्यावरचे झाकण मी चिमट्याने उचलून पाहिले. आतले कल्ले लालभडक असायला हवेत, ते चॉकलेटसारखे तपकिरी झाले होते. नायट्राइट रक्तात शिरले की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही आणि रक्ताचा रंग असा बदलतो. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. साध्या मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, हे मला तेव्हा ठाऊक असते तर बहुधा दोन-तीन तरी वाचले असते. मीठ चार पावलांवर होते.

यानंतर आमच्या कुटुंबात जी कथा रूढ झाली ती अशी की, वहिनी पाण्यात नवसागर घालत होत्या म्हणून भाऊजींचे मासे मेले. लग्नात, मुंजीत, प्रत्येक पंगतीत ती सांगितली जाते. वरवर पाहता ती खरीही आहे, आणि म्हणूनच ती मला सहन होत नाही. त्या दिवशीचे नायट्राइट माझ्याच अमोनियापासून झाले होते, हे मान्य. परंतु मी काहीच घातले नसते आणि पहिल्याच दिवशी ते सहा मासे सोडले असते, तर तोच अमोनिया त्यांनी स्वतः तयार केला असता आणि तेच नायट्राइट दोन-तीन आठवड्यांनी झाले असते. याचा पुरावा भाऊजींनी स्वतःच दिला. त्याच वर्षी त्यांनी टाकी घेतली, आज पाणी आणि उद्या मासे या पद्धतीने सुरू केली, आणि पहिल्या दोन महिन्यांत चौदा मासे मेले. कधी उन्हाळ्यामुळे, कधी दुकानदाराने आजारी मासे दिल्यामुळे, एकदा नजर लागल्यामुळे. पंधराव्यापासून पुढचे जगले, कारण तोवर जिवाणू तयार झाले होते, आणि “बघा, माझी टाकी न थांबता चालली,” असे ते अजूनही म्हणतात.

तेव्हा आपल्या दुकानदाराचे म्हणणे ऐकू नका. मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा त्याच्याकडूनच विकत घ्यावा लागतो, हे ध्यानात ठेवा. बाटलीतले जिवाणू विकणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. उन्हात तापलेल्या गोदामातून आणि टेम्पोतून आलेल्या बाटलीत काय जिवंत राहत असेल, हे आपणच ठरवावे.

पाण्याविषयी सांगायचे तर जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी चालते, मात्र त्यातला क्लोरीन काढलाच पाहिजे. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते, आणि गच्चीवरच्या टाकीत दोन दिवस राहिलेल्या पाण्यात क्लोरीन पुष्कळ उतरलेला असतो. तरीही त्या भरवशावर न राहता सोडियम थायोसल्फेट, ज्याला जुने फोटोवाले हायपो म्हणत, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे औषध वापरावे. बोअरिंगचे पाणी असेल तर ते आपल्या माळव्यात बहुधा जड आणि अल्कलीयुक्त असते. त्याचा तोटा असा की, पीएच, म्हणजे पाणी आम्लयुक्त की अल्कलीयुक्त हे दाखवणारा आकडा, 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच 8 झाला की तेच प्रमाण सुमारे दहापट होते. म्हणून घरच्या आरओचे पाणी भरावे असे काही जण सुचवतात, आणि तेही चुकीचे आहे, कारण जिवाणूंचे काम चालू असताना पाण्यातली अल्कली खर्च होत जाते, आरओच्या पाण्यात ती नसतेच, मग पीएच घसरतो आणि सायकल मध्येच थांबते. फिल्टरविषयी मी फार लिहीत नाही. दोन फुटी टाकीला स्पंज फिल्टर पुरतो, फक्त रात्री आवाज होतो म्हणून पंप बंद करू नये आणि स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा.

रात्री लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया घातला आणि दुसऱ्या रात्री अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार झाली असे समजावे. त्यानंतर साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी तीन चतुर्थांश पाणी बदलून तीन-चार गप्पी किंवा प्लॅटी सोडावेत. मला सगळे मिळून एक्केचाळीस दिवस लागले. आपण पाणी 27-28 अंशांवर ठेवले तर त्यापेक्षा लवकर होईल.

काही गोष्टी मला आधीच सांगायला हव्या होत्या. ओळखीच्या कोणाची चालू टाकी असेल तर तिच्या स्पंजाचे पिळलेले गढूळ पाणी आपल्या फिल्टरवर ओतावे, किंवा शक्य झाल्यास त्यांचा जुना स्पंजच आणावा. मग महिन्याचे काम आठवड्या-दोन आठवड्यांत होऊ शकते, आणि दुकानदाराने स्वतःच्या टाकीतला वापरता स्पंज दिला तर त्याचे ‘उद्या मासे न्या’ हे बोलणेही फारसे चुकीचे ठरत नाही. दोनच छोटे मासे सोडून, रोज चाचणी करून आणि रोज पाणी बदलूनही सायकल पूर्ण करता येते, परंतु एवढी चिकाटी असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सहा गोल्डफिश तर माझ्या पूर्ण तयार झालेल्या टाकीतही जास्तच झाले असते, तेव्हा त्या दिवशी ते वाचले असते तरी फार दिवस सुखाने राहिले नसते. अमोनियाचे रसायन मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे.

आणि त्या तेवीस दिवसांत टाकीवर काय चालले आहे हे मी कुठेही लिहून ठेवले नव्हते, एवढी चूक माझी. आपण काचेवर कागद चिकटवावा, त्यावर ‘टाकी तयार होत आहे, मासे सोडू नयेत’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि घरी येणारे सगळेच मराठी वाचणारे नसतील, म्हणून खाली तेच हिंदीतही लिहावे.