घोस्ट मारलेल्या लॅबमध्ये काउंट १ वरच का अडकतो

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: नाशिकरोडच्या शाळेची लॅब, ३० मशीन. एका मशीनवर व्हॉल्यूम लायसन्सचं (संस्थेला अनेक मशीनसाठी एकत्र मिळणारं) विंडोज आणि ऑफिस टाकलं आणि त्याचाच घोस्ट, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, उरलेल्या २९ वर मारला. आता केएमएस होस्टवर (नेटवर्कमधल्या मशीनना लायसन्स चालू करून देणाऱ्या मशीनवर) मशीनचा काउंट १ च्या पुढे सरकत नाही, एरर कोडच्या शेवटी एफ०३८ येतं, आणि दुकानदार म्हणतो, लायसन्सची की (key) बदला.

की बदलू नका. फॉरमॅटही मारू नका. मी पंचवटीतल्या एका लॅबमध्ये दोन दिवस तेच करत बसलो होतो, काही उपयोग झाला नाही.

केएमएस होस्ट पटावरची मुलं मोजणाऱ्या बाईंसारखा असतो. विंडोजची किमान २५ वेगवेगळी मशीन दिसल्याशिवाय तो एकालाही अ‍ॅक्टिव्हेट करत नाही. ऑफिसला ५ पुरतात. मशीन वेगळं आहे की नाही हे तो सीएमआयडी नावाच्या ओळख क्रमांकावरून ठरवतो. तुम्ही सिस्प्रेप (नक्कल काढण्याआधी मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) न करता घोस्ट मारलात, म्हणजे तीसही पोरं एकाच हजेरी क्रमांकाला ‘हजर’ म्हणतायत. बाईंच्या लेखी वर्गात एकच मूल.

खात्री करायची तर कोणत्याही दोन मशीनवर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, पुढे स्लॅश डीएलव्ही (slmgr /dlv) द्या. खिडकीत सीएमआयडी दिसेल. दोन्हीकडे तोच आला तर दुखणं हेच. मग प्रत्येक मशीनवर एसएलएमजीआर स्लॅश रीआर्म (याने नवा सीएमआयडी मिळतो), रीस्टार्ट, आणि एसएलएमजीआर स्लॅश एटीओ (याने होस्टकडे लायसन्स मागितलं जातं). पहिल्या चोवीस मशीनवर तोच एरर येईल, घाबरू नका, होस्टवरचा काउंट एकेकाने वाढतोय का तेवढं बघा. पंचविसावं मशीन अ‍ॅक्टिव्हेट होईल, मागची थोड्या वेळाने आपोआप होतात किंवा पुन्हा एटीओ द्या. ऑफिसचा क्रमांक वेगळा असतो, त्याच्यासाठी ऑफिसच्या फोल्डरमधली ओएसपीपीरीआर्म ही फाइल चालवायची.

पुढच्या वेळी मास्टर मशीन तयार झालं की सिस्प्रेप, ‘जनरलाइझ’वर टिक, शटडाउन. त्यानंतर ते मशीन चालू न करता इमेज (घोस्टची नक्कल) काढायची. चुकून चालू केलंत तर पुन्हा सिस्प्रेप.

होस्ट चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही. एकदा मिळालेलं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मशीन दर ७ दिवसांनी नव्याने मुदत घ्यायचा प्रयत्न करतं. त्यामुळे मे महिन्यात लॅबला कुलूप असलं तरी जूनमध्ये शाळा उघडल्यावर काही बिघडलेलं नसतं. फक्त होस्ट हेडमास्तरांच्या केबिनमध्ये ठेवून शिपायाच्या हातात स्विच देऊ नका, एवढा माझा अनुभव.

आणि समजा उद्या ६ मशीन मोडीत निघाली आणि २४ उरली, तर विंडोजचं केएमएस नव्याने मांडताना अडकेल. छोट्या लॅबला एमएके की (होस्टशिवाय थेट मायक्रोसॉफ्टकडून चालू होणारी) बरी. पण तिच्यावर अ‍ॅक्टिव्हेशनची संख्या ठरलेली असते. दर सहामाहीला पोरांनी बिघडवलेली मशीन नव्याने इमेज करत राहिलात तर ती संपते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. व्हॉल्यूममधलं विंडोज हे अपग्रेड असतं, त्याच्याखाली मशीनचं मूळ विंडोज लायसन्स असावं लागतं. तुमची मशीन असेंबल्ड आहेत. बिलावर विंडोजची ओळ आहे का ते आधी काढा. माझ्या माहितीतल्या एका संस्थेला हे तपासणीच्या वेळीच कळलं आणि मग बिलं शोधत चार कपाटं उपसली. मी तेव्हापासून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मशीनच्या नोंदीशेजारीच लायसन्सचा तपशील लिहितो.

मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यायचं चाललंय म्हणालात. शिक्षणसंस्थांना फुकट मिळणारा ए१ प्लॅन ब्राउझरमध्ये वापरायचा, त्यात लॅबमध्ये इन्स्टॉल करायचं ऑफिस येत नाही. वरच्या प्लॅनवर गेलात तर इन्स्टॉल करताना शेअर्ड कॉम्प्युटर लायसन्सिंग चालू करा, नाहीतर एका खात्याची ५ मशीनची मर्यादा पोरांनी जागा बदलता बदलता संपते. ते चालू केलं की लायसन्स पोराच्या खात्यासोबत फिरतं. पण मशीनवर डीप फ्रीझ (रीस्टार्टला मशीन पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर) असेल तर रीस्टार्टनंतर तेही पुसलं जातं आणि प्रत्येक तासाला सगळ्यांचं साइन-इन नव्याने. त्या वेळी नेट गेलेलं असेल तर तास गेला. लायसन्सची टोकन (खात्याचं लायसन्स नोंदवणाऱ्या छोट्या फाइली) नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवायची सोय आहे, ती आधी एका रांगेवर करून बघा.

आत्ता मात्र दोन मशीनचा डीएलव्ही काढा आणि सीएमआयडी जुळतो का ते कळवा. जुळला नाही तर फायरवॉलमध्ये पोर्ट १६८८ (मशीन केएमएस होस्टशी बोलतात तो मार्ग) बघावं लागेल.